अमाल्फीच्या किनाऱ्यावर एकाच घरात आठ रात्री: मुक्कामासाठी गाव कोणते निवडावे?

प्रश्नकर्ती, पुणे

नमस्कार. पुढील वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहा जण दक्षिण इटलीला जाण्याच्या विचारात आहोत. मी, माझे यजमान, बारा आणि आठ वर्षांची दोन मुले आणि सासू-सासरे असा परिवार आहे. सासरे ७४ वर्षांचे आहेत आणि रोज तास-दीड तास चालतात. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर त्या बऱ्यापैकी चालतात, परंतु पायऱ्या, विशेषतः उतरताना, त्यांना जड जातात. दर दोन दिवसांनी सामान बांधून नव्या शहरात जाण्यापेक्षा समुद्राकाठी एकच घर आठ रात्रींसाठी घ्यावे, सकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण घरी करावे, आणि तेथूनच दिवसभराच्या सहली कराव्यात, अशी आम्हा दोघांची फार दिवसांची इच्छा आहे.

पोझितानो आणि प्रायानो या गावांच्या दरम्यान, डोंगरउतारावर एक अतिशय सुंदर व्हिला आम्ही पाहून ठेवला आहे. तीन खोल्या, लिंबाची बाग, आणि गच्चीवरून थेट समुद्र. मात्र घरमालकांनी पत्रात प्रामाणिकपणे कळवले आहे की रस्त्यापासून घरापर्यंत १२० पायऱ्या आहेत. यजमानांचे म्हणणे असे की एवढ्या सावकाश चढता येतील. मला मात्र खात्री वाटत नाही. शिवाय गाडी भाड्याने घ्यावी की घेऊ नये, पॉम्पेईचे प्राचीन अवशेष आणि काप्री बेट सोडून आणखी काय पाहावे, घरातील सर्व जण शाकाहारी असून सासू-सासरे अंडेही खात नाहीत तर बाहेर जेवणाचे कसे होईल, आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी घराचे पैसे भरणे कितपत शहाणपणाचे, या प्रश्नांवरही ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

पहिले उत्तर, तोरिनोहून

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा १२० हा आहे, म्हणून त्याविषयीच आधी लिहितो. मी अनेक वर्षे उत्तर इटलीत राहतो आणि आई-वडील भारतातून आले तेव्हा त्यांना याच किनाऱ्यावर नेले होते. घर आम्ही छायाचित्रांवरून निवडले. मालकांनी पायऱ्यांचा उल्लेख केलाच नव्हता आणि आम्हीही विचारले नाही. पोहोचल्यावर मोजल्या तेव्हा त्या दोनशेच्या जवळपास निघाल्या. त्या वेळी आईचे वय ६८ होते आणि गुडघे शस्त्रक्रियेविना, पण कुरकुरणारे. पाच दिवसांत ती दोनदाच खाली उतरली. उरलेले दिवस तिने गच्चीवर बसून काढले, आणि आम्ही संध्याकाळी परतलो की दिवसभरात काय काय पाहिले ते ती फार उत्सुकतेने विचारत असे. ती तक्रार करणारी नव्हती, आणि म्हणूनच ती आठवण मला आजही बोचते.

यजमानांचे म्हणणे एका फेरीपुरते खरे आहे. परंतु त्या १२० पायऱ्या दिवसातून एकदा नव्हे, तर प्रत्येक सहलीला, प्रत्येक दूध-भाजीला आणि विसरलेल्या प्रत्येक छत्रीला मोजाव्या लागतात. शिवाय त्या घराच्या पायऱ्या आहेत, गावाच्या नव्हेत. पोझितानो हे गावच उभ्या कड्यावर वसलेले आहे. बोटीच्या धक्क्यापासून वर येणे म्हणजे पुन्हा चढणच.

माझा सल्ला असा की त्याच किनाऱ्यावर पूर्वेकडे सरकावे आणि मायोरी किंवा मिनोरी येथे घर पाहावे. मायोरी एका रुंद दरीच्या मुखाशी वसले आहे, त्यामुळे गावाचा मोठा भाग सपाट आहे आणि जवळजवळ किलोमीटरभर लांबीची, या किनाऱ्यावरील सर्वांत मोठी पुळण तिथे आहे. १९५४ च्या ऑक्टोबरातील भीषण पुराने या गावाचा बराच भाग उद्ध्वस्त केला आणि नंतर समुद्राकाठी नव्या, काहीशा साध्या इमारती उभ्या राहिल्या. चित्रातल्या पोझितानोची शोभा त्यांना नाही हे खरे, पण लिफ्ट असलेली घरे मिळण्याची शक्यता इथेच जास्त आहे. मिनोरी त्याहून लहान आणि माझ्या दृष्टीने अधिक गोड गाव आहे. समुद्राकडचा रस्ता सपाट आहे आणि पहिल्या शतकातील एका रोमन व्हिलाचे अवशेष अगदी गावाच्या मध्यावर, चार पावलांवर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीही सुट्टीसाठी समुद्राकाठी घर बांधणाऱ्या लोकांनी हीच जागा निवडली होती, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

घरमालकांना लिहिताना «पायऱ्या किती» एवढेच विचारू नका. गाडी थांबते त्या जागेपासून घराच्या दारापर्यंत किती, घराच्या आत किती, आणि दारापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत किती, असे तीन निरनिराळे आकडे मागा. व्हिला म्हटला की आत दोन मजले असतात आणि न्हाणीघर नेमके वरच्या मजल्यावर असते, असाही अनुभव येतो.

गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्याचा तो सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता कड्यात कोरलेला, अरुंद आणि वळणावळणांचा आहे. समोरून बस आली की कोणाला तरी गाडी मागे घ्यावी लागते, आणि गाडी उभी करायला जागा मिळणे हा स्वतंत्र त्रास आहे. अलीकडच्या वर्षांत गर्दीच्या काळात सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळात गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार सम-विषम तारखांची बंदीही लागू असते, आणि ती भाड्याच्या गाड्यांनाही लागू होते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो, तो पुण्यात आरटीओकडून मिळतो. पण तो काढूनही या रस्त्यावर त्याचा उपयोग थोडाच. ज्यांना घाटात मळमळते त्यांच्यासाठी तर हा रस्ता टाळलेलाच बरा. इथे खरा रस्ता समुद्रच आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सालेर्नो, चेतारा, मायोरी, मिनोरी, अमाल्फी आणि पोझितानो यांना जोडणाऱ्या बोटी चालतात. सालेर्नोहून अमाल्फीला साधारण ३५ मिनिटांत पोहोचता येते, आणि रोमहून सालेर्नोपर्यंत वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. सालेर्नोचे स्थानक आणि बोटीचा धक्का यांतील अंतर पायी दहा मिनिटांचे आणि पूर्ण सपाट आहे. सासूबाईंसाठी याहून सोपा प्रवेश मला माहीत नाही.

दुसरे उत्तर, ठाण्याहून

वरील उत्तरातील पायऱ्यांविषयीच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, परंतु मुक्कामासाठी मी मायोरीऐवजी सोरेंतो सुचवीन. आम्ही वडिलांना घेऊन तिथे सात रात्री राहिलो होतो. सोरेंतो समुद्रापासून उंच अशा कड्यावर असले तरी कड्याचा माथा सपाट आहे, त्यामुळे बाजार, उद्याने आणि रेल्वे स्थानक हे सारे एकाच पातळीवर येते. खाली बंदराकडे जाण्यासाठी सार्वजनिक उद्यानातून लिफ्ट आहे. तिथून काप्रीला वेगवान बोट अर्ध्या तासाच्या आत पोहोचते आणि पॉम्पेईला थेट लोकल रेल्वे जाते, तिचे स्थानक उत्खननाच्या प्रवेशद्वाराला लागूनच आहे. मायोरीहून काप्री करायचे तर बराच वेळ पाण्यावरच जातो.

सोरेंतोची उणीव एवढीच की तिथे खरी पुळण नाही. समुद्रात खांब रोवून बांधलेल्या लाकडी फलाटांवरून लोक पाण्यात उतरतात, आणि त्या जागा बहुतेक पैसे देऊन मिळतात. मुलांना वाळूत खेळायचे असेल तर त्यांची निराशा होईल. मेअखेरीस पाणी थंडच असते, तेव्हा पोहणे हा मुख्य हेतू नसेल तर ही उणीव मोठी मानू नये.

काप्रीविषयी एक सांगावेसे वाटते. तो दिवस मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका. वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि बोटी चालू असतानाही निळ्या गुहेत प्रवेश बंद असू शकतो, कारण तिचे तोंड पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच आहे आणि लहान होडीत आडवे पडूनच आत जावे लागते. आमच्या वडिलांनी गुहेचा हट्ट सोडून आनाकाप्रीहून सोलारो शिखरावर नेणाऱ्या खुर्चीच्या पाळण्यातून जाणे पसंत केले. एका खुर्चीत एकच माणूस बसतो, खाली द्राक्षांचे मळे आणि बागा सरकत जातात, आणि ५८९ मीटर उंचीवर पोहोचल्यावर दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. मात्र पाळणा थांबत नाही. चालत्या खुर्चीत बसावे आणि उतरावे लागते. तिथले कर्मचारी हात देतात, तरीही सासूबाईंना आधी दुसऱ्यांना बसताना पाहू द्या आणि मग त्यांचे त्यांनाच ठरवू द्या.

तिसरे उत्तर, लातूरहून

मी इतिहास शिकवते, त्यामुळे मुक्कामाच्या गावाविषयी न बोलता सहलींविषयीच लिहिते.

पॉम्पेईचा विस्तार फार मोठा आहे आणि प्राचीन रस्त्यांचे दगड उंचसखल आहेत; कृत्रिम गुडघ्यांना ते त्रासदायक ठरतील. परंतु अँफिथिएटरच्या बाजूच्या प्रवेशद्वारापासून सुरू होणारा, चाकाच्या खुर्च्यांसाठी मुद्दाम तयार केलेला तीन किलोमीटरांहून लांब असा अडथळामुक्त मार्ग तिथे आहे. सासूबाईंना त्या मार्गाने न्यावे. नोव्हेंबर २०२४ पासून रोज जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये आणि स्मारके विनामूल्य असतात. त्या दिवशी होणारी गर्दी टाळावी.

वेळ थोडा असेल तर मी पॉम्पेईपेक्षा त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या दुसऱ्या प्राचीन नगराला झुकते माप देईन, आणि हे मत मी विचारपूर्वक मांडत आहे. इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेईवर प्रामुख्याने राख आणि हलक्या दगडांचा वर्षाव झाला, त्या भाराने छपरे कोसळली. हर्क्युलेनियम मात्र तप्त वायू आणि राखेच्या लोंढ्यांखाली इतके खोल गाडले गेले की लाकडाचा कोळसा होऊन तुळया, दारे, पलंग, अगदी पाळणासुद्धा टिकून राहिला. दुमजली घरे तिथे उभी दिसतात. जुन्या समुद्रकाठच्या कमानींमध्ये १९८० नंतर सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. होड्या येतील या आशेने ते लोक तिथे थांबले होते. आठ वर्षांच्या मुलाला ते दाखवावे की नाही हे आई-वडिलांनी ठरवावे, पण बारा वर्षांचे मूल ते कधीच विसरणार नाही. जागा आटोपशीर असल्याने दोन-अडीच तासांत पाहून होते.

आणि एक दिवस नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी राखून ठेवा, मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी ते बंद असते. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात सापडलेली हस्तिदंताची एक लहानशी भारतीय मूर्ती तिथे आहे. उंची जेमतेम वीतभर. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना दोन परिचारिका. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे मत मांडले. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या आहेत, म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या मराठवाड्यातील व्यापारी गावांशी जोडलेली कला रोमन घरापर्यंत पोहोचली होती. ज्वालामुखीची तारीख ठाऊक असल्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची आहे हे निश्चितपणे सांगता येते, आणि म्हणूनच आपल्याकडील मूर्तींचा काळ ठरवतानाही तिचा आधार घेतला जातो. मी तिच्यासमोर उभी होते तेव्हा तेरचे लहानसे संग्रहालय आठवून डोळ्यांत पाणी आले. शक्य झाले तर जाण्यापूर्वी मुलांना एकदा तेरला घेऊन जा; पुण्याहून एका मुक्कामात होते.

सालेर्नोहून रेल्वेने दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर पाएस्तुम आहे. ग्रीकांनी वसवलेल्या या नगरात इ. स. पूर्व सहाव्या आणि पाचव्या शतकांतील तीन मंदिरे उभी आहेत, आणि सारा परिसर सपाट माळ आहे. तिथल्या संग्रहालयात १९६८ मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या झाकणावर पाण्यात सूर मारणाऱ्या युवकाचे चित्र आहे. ती एक रेषा पाहण्यासाठी मी पुन्हा जाईन. पाएस्तुमला सकाळी निघा, कारण तिथे सावली फार कमी आहे.

चौथे उत्तर, नाशिकहून

स्वयंपाकघर आणि पैसे या दोन गोष्टींकडे अद्याप कोणी वळलेले नाही, म्हणून लिहिते.

युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. तूप, पनीर, खवा सामानात ठेवू नका. ते काढून घेतले जाते. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून त्याही नकोत. कोरडे मसाले, पोहे, मेतकूट, चहापत्ती निर्धास्त न्यावीत. तांदूळ, मसूर, काबुली चणे, टोमॅटो, वांगी, बटाटे हे सारे तिथल्या साध्या दुकानात मिळते. इटलीतील घरांना बहुधा ३ किलोवॉटचीच वीजजोडणी असते. ओव्हन, कपडे धुण्याचे यंत्र आणि वातानुकूलन एकाच वेळी चालू केले की वीज जाते. आमच्याकडे पहिल्याच रात्री अंधार झाला आणि सासूबाई घाबरून गेल्या. मीटरचे बटण कोठे आहे ते किल्ली घेतानाच विचारून ठेवा.

बाहेर जेवताना «सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओव्हा» म्हणजे मांस, मासे, अंडी नकोत, एवढे तीन शब्दप्रयोग पाठ करा. डोंगरापलीकडच्या ग्रान्यानो गावाचा सुका पास्ता केवळ गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो, त्यात अंडे नसते; ताज्या पास्त्याविषयी मात्र विचारावे. चेतारा गावात मासळीपासून काढलेला एक खारट अर्क प्रसिद्ध आहे आणि तो पास्त्यात घातला तर दिसत नाही, म्हणून तिथे विशेष जपावे. सासू-सासरे काटेकोर असतील तर हेही सांगायला हवे की पार्मिजानो चीज आणि म्हशीच्या दुधाचे अस्सल मोझ्झारेल्ला यांसाठी दूध फाडताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. त्यांना हे आधी सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवणेच योग्य. टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो घातलेला मारिनारा पिझ्झा चीजविना असतो आणि प्रत्येक ठिकाणी मिळतो.

पैशांविषयी: १ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळखक्रमांक बंधनकारक झाला आहे आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. तो नसेल तर पुढे बोलूच नये. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसासाठी निवासाचा पुरावा द्यावाच लागतो, म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत मिळेल अशी लेखी अट असलेलेच घर घ्यावे. आम्ही एका घराची निम्मी रक्कम परत न मिळण्याच्या अटीवर भरली, एका प्रवाशाचा व्हिसा वेळेत आला नाही, आणि ते पैसे गेले. भाड्याशिवाय अखेरच्या साफसफाईचे शुल्क, अनामत आणि नगरपालिकेचा प्रतिरात्र पर्यटककर वेगळा असतो. कर बहुधा रोख मागतात. आल्यावर घरमालक सर्वांची पारपत्रे मागतील, त्याने दचकू नये. पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणे त्यांना कायद्यानेच भाग आहे.

प्रश्नकर्ती, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री पहिले उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. गच्चीवर बसून राहिलेल्या आईंचा प्रसंग आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि आज सकाळी त्यांनी स्वतःच त्या १२० पायऱ्यांच्या घराला नकार कळवला. मिनोरीत पहिल्या मजल्यावरचे, लिफ्ट असलेले एक घर सापडले आहे. जाहिरातीत ओळखक्रमांक आहे आणि व्हिसाची अट मालकीणबाईंनी लेखी मान्य केली आहे. दारापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत एकही पायरी नाही, असे त्यांनी कळवले. सासूबाईंना तेरला जाण्याची कल्पना इतकी आवडली की त्या दिवाळीच्या सुट्टीतच जाऊ या म्हणत आहेत. एकच विचारायचे राहिले: मिनोरीहून वर डोंगरावरचे राव्हेल्लो गाव पाहणे सासूबाईंना झेपेल का, आणि २ जूनला आम्ही तिथेच असू, त्याचा काही त्रास होईल का?

पहिले उत्तर देणारे, तोरिनोहून

राव्हेल्लो जरूर करा. मिनोरीहून वर जाणारी जुनी पायवाट म्हणजे शेकडो पायऱ्याच आहेत, ती तुम्ही चौघांनी उतरताना वापरावी. सासू-सासऱ्यांनी बोटीने अमाल्फीला जाऊन तिथून बसने किंवा टॅक्सीने वर यावे. बसचे तिकीट चढण्यापूर्वीच तंबाखू-वर्तमानपत्रांच्या दुकानातून घ्यावे लागते. गाव सुमारे ३५० मीटर उंचीवर आहे, परंतु मुख्य चौक सपाट आहे आणि व्हिला रुफोलोचे दार त्या चौकातच उघडते. १८८० मध्ये संगीतकार वाग्नर या बागेत आला आणि भारावून गेला, तीच ही बाग. व्हिला चिंब्रोनेची पुतळ्यांनी वेढलेली गच्ची अधिक प्रसिद्ध आहे, पण तिथपर्यंत चालत जावे लागते आणि वाटेत पायऱ्या आहेत. रुफोलोच्या बागेतून दिसणारा समुद्र तोच आहे.

२ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, म्हणून सुट्टी. नेपल्स आणि सालेर्नोहून लोक मोठ्या संख्येने किनाऱ्यावर येतात, बोटी आणि बस भरून जातात. त्या दिवशी कोठेही जाऊ नका. सकाळी गावातला रोमन व्हिला उघडा असेल तर पाहा, दुपारी घरी वरण-भात करा, आणि ऊन उतरल्यावर सासूबाईंना घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर एखाद्या बाकावर बसा. मुले खाली पाण्याशी खेळतील आणि त्यांना ती तिथूनच दिसतील.